माझ्याच पुस्तिकेचं पान अकरा

३ जानेवारी
नवी वही, नवा संकल्प. ३१ मार्चच्या आत दहा घरांत बायोगॅस. दोन वर्षांत सभा एक्केचाळीस, संयंत्रं शून्य. पण पाया भक्कम झाला आहे. साहेबांना पाया दिसत नाही. ते म्हणाले, ३१ मार्चला एक तरी शेगडी चालू असलेली दाखवा, नाहीतर काँट्रॅक्ट वाढणार नाही. ते एक म्हणतात, मी दहा म्हणतो. फरक इथेच कळतो.

बायकोने विचारलं, आपल्या स्वयंपाकघरात सिलिंडर का मग? तिला सांगितलं, आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो, गाय कुठे बांधू? ती म्हणाली, तिचा प्रश्न गायीबद्दल नव्हताच.

६ जानेवारी
सभा क्र. ४२. उपस्थिती सात. त्यांतले दोघे बसची वाट बघत होते, बस आल्यावर गेले. उरलेल्यांना मिथेन वायू पाऊण तास समजावला. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हात वर केला. अन्नाला वास येतो का? येत नाही म्हटलं. मग विचारतो, तुम्ही कुणाच्या घरी जेवून आलात? काही लोकांना विज्ञानाची गोडीच नसते.

माझी पुस्तिका वाटली. (सोळा पानं, लेखक मीच.) पान अकरा सभेत वाचत नाही. त्यात टाकीत काय काय जाऊ देऊ नये त्याची यादी आहे. उगाच नकारात्मक वाटतं.

९ जानेवारी, दुपारी
सुचलं! ताई!

थोरली बहीण, गाव जवळ, दोन गायी, एक म्हैस. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. मी काही मागितलं आणि ही नाही म्हणाली असं आजवर झालं नाही. चुलीच्या धुराने डोळे कायम लाल, खोकला तर आता तिच्या बोलण्याचाच भाग झालाय. म्हणजे गरज खरी आहे. मी स्वार्थासाठी करत नाहीये.

१० जानेवारी
ताई हो म्हणाली. भाऊजी काहीच बोलले नाहीत. त्यांचा होकार धरला.

ताई चष्मा लावून पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला बसली. म्हटलं, मी असताना तुला वाचायची काय गरज? ती म्हणाली, तू नसतोस ना रोज.

२८ जानेवारी
गवंड्याने घुमट पूर्ण केला. टाकी पहिल्यांदा भरायला दोनेक टन शेण लागतं. जनावरं तीन. मी हिशेबात शेजाऱ्यांचीही धरली होती, शेजाऱ्यांना न विचारता. भाऊजी चार दिवस घरोघर फिरून पाट्या वाहत होते. मी देखरेख केली. देखरेखीने पाठ फार दुखते.

शिवाय माझा स्वतःचा एक शोध: गोठ्यातून थेट टाकीत जाणारी सिमेंटची नाली. शेण, पाणी, सगळं आपोआप आत. कालवायला नको, उचलायला नको. पुढच्या आवृत्तीत फोटोसह घालायचं.

२ फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस. ताईची चूल मोडली.

ताई म्हणाली, गॅस येईपर्यंत आठ-पंधरा दिवस राहू दे. मी म्हटलं, जुनी चूल डोळ्यांसमोर असेल तर नव्या शेगडीवर जीव जडत नाही. पहिला घाव मीच घातला, फोटो काढून घेतला. चूल आईच्या वेळची होती, हे नंतर भाऊजींनी सांगितलं. आधी सांगायला हवं होतं.

६ फेब्रुवारी
ताई अंगणात तीन विटा मांडून स्वयंपाक करते. तात्पुरतं. मोकळ्या हवेत धूर कमी लागत असणार.

२० फेब्रुवारी
शेजारच्या बारा बायका जमवल्या. कॉक उघडला, सूं आवाज आला, काडी लावली. काडी विझली. दुसरी विझली. पेटीच संपली.

त्यांना समजावलं की पहिला गॅस जळत नसतो, तो सोडून द्यायचा असतो. एकीने विचारलं, मग आम्हाला बोलावलं कशाला? उत्तर होतं, पण तोपर्यंत त्या निघाल्या होत्या.

२६ फेब्रुवारी
पेटला! पेटला! पेटला!

निळी ज्योत. अकरा मिनिटं. चहा झाला. ताई चहा विसरून ज्योतीकडेच बघत बसली. तिने डोळे पुसले नाहीत, पुसायला धूरच नव्हता. पुसले मी. हे इथे लिहितोय, कारण इथे कुणी वाचत नाही.

साहेबांना फोन केला. ४ मार्चला ते स्वतः येणार, सोबत चार गावांचे लोक. दहाचा संकल्प लहान पडणार. वीस करावा का?

३ मार्च, संध्याकाळी
गोठ्यात शेणामुताचा वास. साहेब नाक मुरडणारे. पाच लिटरचा फिनाईलचा कॅन आणला, गोठा कोपऱ्याकोपऱ्यातून धुऊन काढला. असा लखलखीत गोठा जनावरांनीही पाहिला नसेल. भाऊजींनी विचारलं, हे पाणी जातंय कुठे? म्हटलं, नालीत. ते म्हणाले, कुठल्या नालीत? आयत्या वेळी शंका काढणारी माणसं मला चालत नाहीत. तसं सांगितलंही.

४ मार्च
विजय. ज्योत वीस मिनिटं. साहेबांनी गोठ्याच्या स्वच्छतेचं दोनदा कौतुक केलं. नऊ घरांनी नावं दिली. ताईला धरून दहा. संकल्प पूर्ण, तोही सत्तावीस दिवस आधी.

८ मार्च
ताईचा फोन. ज्योत बारीक झालीय. कौतुकाने दृष्ट लागली असेल म्हणाली. तिला वैज्ञानिक दृष्टिकोन द्यायचा राहूनच गेला.

११ मार्च
ज्योत विझली. शेगडी सदोष. कळवलं.

१३ मार्च
शेगडी बदलली. गवंडी सदोष.

१४ मार्च
गवंडी येऊन टाकीवर उभा राहून उड्या मारून गेला. घुमट ठणठणीत. म्हणजे जनावरं सदोष. म्हशीकडे बराच वेळ बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

१७ मार्च
नऊपैकी सहा घरांनी नावं मागे घेतली. थंडीमुळे गॅस कमी होतो असं सांगत फिरलो. सांगताना घामाने शर्ट भिजला होता.

१९ मार्च
ताईकडे गेलो. ती विटांपाशी वाकून फुंकर घालत होती, खोकत होती. माझ्यासाठी भात टाकला होता. धूर माझ्या बाजूला आला तशी उठून मधे बसली. लहानपणीही अशीच बसायची.

२० मार्च, पहाटे
झोप नाही. पुस्तिका काढली. पान अकरा. ओळ पहिली: टाकीतले जिवाणू जिवंत असतात. साबण, फिनाईल यांचा एक थेंबही आत जाऊ देऊ नये.

ओळ माझीच. ठळक अक्षरात छापायला हवी होती. छापखान्याचा निष्काळजीपणा.

त्याच दिवशी, दुपारी
ती ठळकच आहे.

२४ मार्च
ताईला सांगायचं ठरवून गेलो. हवामानावर बोललो. परत आलो.

२७ मार्च
आज सांगितलं. ताई म्हणाली, ठाऊक आहे, पान अकरा तिने जानेवारीतच वाचलं होतं, फिनाईलचं मात्र भाऊजींनी ज्योत विझल्यावर सांगितलं. नाली तिने त्याच दिवशी चिखलाने बुजवली. भाऊजींनी टाकीतलं निम्मं उपसून काढलंय, आता दोघं रोज हाताने ताजं शेण कालवून घालतात. मग मला बोलली का नाहीस, असं विचारलं. म्हणाली, तू स्वतःहून येऊन सांगतोस का ते बघत होते.

सदतीस नव्हे, सात वर्षांचा झाल्यासारखं वाटलं.

३१ मार्च
शेगडी थंड. काँट्रॅक्ट संपलं. साहेबांनी हात मिळवला. बायको काही बोलली नाही, हा होकार नव्हे हे मला आता कळतं.

१८ एप्रिल
ताईचा फोन. ज्योत आली. दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो. मी तिथे नव्हतो. कदाचित म्हणूनच आली.

९ मे
साहेबांनी माझ्या जागी प्रचारासाठी ताईला नेमलं. आज तिची पहिली सभा होती. मी शेवटच्या रांगेत बसलो. बायकाच बायका, बसची वाट बघणारं कुणी नाही.

ताईने मिथेनचं नावही काढलं नाही. उभी राहिली, खोकली नाही, आणि सरळ पान अकरा काढून वाचलं. मग फिनाईलची सगळी गोष्ट सांगितली, म्हशीसकट. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. तो माणूस कोण, असं एकीने विचारलं. ताई म्हणाली, माझा धाकटा भाऊ, तो काय मागे बसलाय. ऊठ रे, दिसू दे सगळ्यांना.

उभा राहिलो.

चौदा घरांनी नावं दिली. पुढच्या सभेलाही ये म्हणाली, तू उभा राहिलास की त्यांच्या नीट लक्षात राहतं.