तिसऱ्या मजल्यावर चढता येत असल्याबाबत

प्रति,
मा. साहाय्य अधिकारी,
प्रवासी साहाय्य विभाग (व्हीलचेअर),
विमानतळ कार्यालय, चौथा मजला.

अर्जदार : निवृत्त क्रीडाशिक्षिका, वय ६८. सध्या मुक्काम मुलाच्या घरी (स्वेच्छेने नव्हे).

विषय : अर्जदारास जिना चढता येत नाही, ही आपल्या दप्तरातील नोंद दुरुस्त होण्याबाबत.

संदर्भ : १) व्हीलचेअर मागणीचा फॉर्म, माझ्या सहीचा. २) आपल्या खिडकीवरील लिपिकांचे गेल्या सोमवारचे तोंडी उत्तर.

महोदय,

१. मी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षे क्रीडाशिक्षिका होते. मुली माझ्यामागे मला 'शिट्टीबाई' म्हणत, आणि ते मला ठाऊक होते. यजमान गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरील माझ्या घरात मी एकटी राहत होते. इमारतीला लिफ्ट नाही. चौपन्न पायऱ्या आहेत, आणि त्या मी दिवसातून तीनदा चढत असे.

२. यंदा मुलगा व सून यांनी मला आठ दिवसांच्या परदेशी सहलीला नेले. "आई, जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींच्या सहली नेल्यास, आता तू चल," असे मुलगा म्हणाला तेव्हा मला भरून आले होते, हेही येथे नमूद करते. सहलीच्या शेवटच्या दिवशी सकाळी चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर मी एकटी चढले. तीनशे बारा पायऱ्या. मुलगा व सून खाली बाकावर आइस्क्रीम खात बसली होती. उतरल्यावर मी हसत म्हणाले, "आता मला उचलूनच न्या रे घरी." हा विनोद होता. सून हसली. मुलाने खिशातून घडी केलेला फॉर्म काढला.

३. त्याचे म्हणणे असे की, परतीच्या प्रवासात व्हीलचेअर घेतली की रांगेत ताटकळावे लागत नाही, आणि सोबतच्यांनाही पुढे सोडतात. "सगळेच घेतात, आई." महोदय, धडधाकट माणसे खुर्चीत बसून रांग चुकवतात आणि विमानतळाबाहेर पडताच टणाटण चालू लागतात, हे आपण रोज पाहत असाल. रांग मोडणाऱ्या मुलीला मी मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावत असे. तरीही मी सही केली. लेक एवढ्या मायेने म्हणतोय, तर कशाला मोडता घाला, असे वाटले. "प्रवाशास जिना चढता-उतरता येत नाही" या वाक्यापुढची खूण मुलाच्या हातची आहे. खालची सही माझी आहे. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.

४. परतीचा प्रवास दोन विमानांचा, मध्ये सहा तासांचा थांबा, एकूण बावीस तास. मुलगा सबंध थांबाभर मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता. कचेरीचे काम असेल म्हणून मी विचारले नाही. इकडे उतरल्यावर आपल्या विभागाच्या ज्या बाई मला ढकलत होत्या, त्या माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असतील आणि एका पायाने लंगडत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी उठू लागले, तर त्या म्हणाल्या, "बसा हो ताई. तुम्ही उभ्या दिसलात तर बोलणी मला बसतील." मी बसले. त्या बाईंची याद्वारे क्षमा मागते. आपण ती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

५. त्यानंतर गाडी माझ्या गल्लीकडे वळलीच नाही. मुलाच्या मागच्या खोलीत माझी खाट, माझे कपाट आणि यजमानांचा फोटो आधीच येऊन थांबले होते. चौकशीअंती समजले ते असे : घर माझ्या व मुलाच्या जोड नावावर आहे. सोसायटीच्या नियमाप्रमाणे ते दुसऱ्यास राहावयास देण्यास दोघांची संमती लागते, मात्र एकास तेथे राहणे शारीरिकदृष्ट्या अशक्य असल्यास दुसऱ्याची पुरते. मुलाने त्या बाकावरूनच फॉर्मचा फोटो सेक्रेटरींना पाठवला. आमचे विमान उतरण्याआधी सुनेचा भाऊ बिऱ्हाडासह माझ्या घरात राहावयास आला होता. मी हवेत असताना माझे घर गेले. परक्याने लुबाडले असते तर मी आरडाओरडा केला असता. येथे पोटच्या पोराने केसाने गळा कापला, आणि वर म्हणतो, "तुझ्या काळजीपोटीच केलं ना, आई." आपलेच दात, आपलेच ओठ. मी तीन दिवस त्याच्याशी बोललेले नाही, आणि त्याला ते बरेच वाटते आहे, असे माझे निरीक्षण आहे.

६. मी सेक्रेटरींकडे गेले. ते चौथ्या मजल्यावर राहतात. बहात्तर पायऱ्या चढून, दम न लागता, मी त्यांच्या दारात उभी राहिले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही चढलात ते मला दिसतंय. पण कागद काय सांगतो?" मग मी आपल्या कार्यालयात आले. खिडकीवरील लिपिक म्हणाले, "चालता येत नाही याचा कागद आमच्याकडे असतो. चालता येतं याचा आम्ही देत नाही." मी तेथेच दहा बैठका मारून दाखवल्या. रांगेतील लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिपिकांनी खिडकी लावून घेतली.

७. सबब, सर्व बाजूंनी विचार करून मी या अर्जाच्या विषयात पुढीलप्रमाणे बदल करीत आहे. मला दुरुस्ती नको. मी शासकीय फॉर्मवर खोटी माहिती देऊन सही केली, आपल्या कर्मचाऱ्याला विनाकारण राबवले आणि खऱ्या गरजूची खुर्ची अडवली. याबद्दल माझ्यावर कारवाई व्हावी आणि मला लेखी दोषी ठरवावे. आदेशात "सदर महिलेस जिना चढता येत असूनही" हे शब्द अवश्य यावेत. सेक्रेटरींना तेवढे पुरेल. शिक्षा कोणतीही चालेल. मुलाला यात ओढू नये. फॉर्म त्याने आणला असला तरी सही करण्याएवढा विश्वास मी ठेवला होता, आणि तो गुन्हा सर्वस्वी माझा आहे.

आदेश टपालाने पाठवू नये. मुलाच्या घरी माझी पत्रे सून उघडते. मी रोज सकाळी दहाला आपल्या जिन्यात येऊन बसेन.

कारवाईच्या प्रतीक्षेत,
आपली अपराधी,
(सही)
निवृत्त क्रीडाशिक्षिका
दि. १९

सोबत :
१) मनोऱ्याच्या तिकिटाचा अर्धा भाग.
२) फॉर्मची प्रत. ही मला सेक्रेटरींनी दिली, मुलाने नव्हे.