रविवारी अकरा वाजता, बेटावर

रविवार, ४ मार्च

घरात एकोणीस गाई!

स्वयंपाकघरात सहा, जिन्यावर चार, पलंगावर एक आडवी — तीही माझ्या बाजूला. बाकीच्या मिळेल तिथे. मी एवढ्या जोरात ओरडलो की आमची ही हातातली इस्त्री तशीच ठेवून धावत आली. माझ्या मोबाइलमध्ये डोकावली आणि म्हणाली, "तुमच्या गाईंपायी शर्ट जळला असता."

गाई खेळातल्या. घर खेळातलं, बेटही खेळातलं. मनस्ताप तेवढा खरा! लेकीने दोन वर्षांपूर्वी हे बेट मांडून दिलं. दर रविवारी अकरा ते बारा आम्ही दोघं तिथे भेटतो — ती तिच्या शहरातून, मी या खुर्चीतून. तिची बाहुली उंच, गळ्यात लाल स्कार्फ. माझी टकली, डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा. तो पहिल्या दिवशी चुकून चढवला, अजून उतरवता आलेला नाही. आणि मी म्हणे एकोणतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय.

गाई कोणी भरल्या तेही कळलं. विहिरीजवळ एक बाहुली उभी होती, नखशिखान्त काळी. डोक्यावर नावाच्या जागी नुसते आकडे. 'कोण रे तू?' विचारलं तर उत्तर नाही. मी त्याचं नाव ठेवलं कोळसा.

अख्खा तास गाई हाकण्यात गेला. लेक बाहेर विहिरीपाशी थांबली होती. गाजरं किती लावायची यावरसुद्धा काही बोलली नाही. बाराच्या आधीच लिहिलं, "नेट जातंय बाबा." आणि गेली.

सोमवार, ५ मार्च

खेळाच्या कंपनीकडे तक्रार केली. त्रासाचे चौदा प्रकार दिलेत. त्यात गाई नाहीत. 'इतर' निवडलं.

बुधवार, ७ मार्च

उत्तर आलं. "आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. आपल्या बेटावर येणारा प्रत्येक पाहुणा आपण दिलेल्या परवानगीनेच येतो."

वा! म्हणजे मीच आमंत्रणपत्रिका छापल्या आणि गाईंना घोडागाडी पाठवली! असली उत्तरं लिहिणाऱ्यांना पगार देतात. आमच्याकडे एखाद्या बाईने फोन करून सांगितलं की लिफ्ट मधेच अडकली आणि मी म्हटलं, "बाई, आपण स्वतःच बटण दाबलंत," तर दुसऱ्या दिवशी मी घरी बसेन.

रविवार, ११ मार्च

आज दारच नाही. कोळशाने रातोरात दाराच्या जागी भिंत बांधली. मी आत, लेक बाहेर. आतून कुदळीने फोडतोय तर तो बाहेरून पुन्हा वीट लावतोय. खिडकीतून बघितलं — एक वीट लावायची आणि जाऊन लेकीच्या मागे उभं राहायचं, अगदी खेटून. परत यायचं, दुसरी वीट. असा उद्योग.

मग डोकं फिरलं. लेकीने शिकवलं होतं, त्रास देणाऱ्यावर बोट ठेवायचं, लाल झेंडा येतो, तो दाबायचा. बोट ठेवलं, झेंडा आला, दाबला. "खात्री आहे?" म्हणे. "शंभर टक्के!" असं मोठ्याने ओरडून दाबलं.

बोट माझ्याच टकलावर होतं.

सोमवार, १२ मार्च

मला आठ दिवस प्रवेशबंदी. कारण — 'स्वतःच्या बेटावर गैरवर्तन'. हिला सांगितलं. ही इतकी हसली की डोळे पुसावे लागले. "एवढी तत्पर कंपनी आणि तुम्ही तिला नावं ठेवता!"

रविवार, १८ मार्च

अकरा वाजले. बारा वाजले. बंदी.

कपाट आवरलं. ते आवरलेलंच होतं. फोन हातात घेऊन बसलो, लावला नाही. लावून बोलणार काय? दीड वर्षापूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून निघाली. पहिला फोन मला केला. आणि मी शहाणा म्हणालो, "तो माणूस वाईट नाही गं, थोडं समजून घे." त्यानंतर साध्या फोनवर आमचं बोलणं म्हणजे — कशी आहेस? बरी. जेवलात? हो. मग मी फोन हिच्याकडे देतो आणि दोघी पाऊण तास बोलतात.

बेटावर तसं होत नाही. तिथे हात कामात असतात. ती कौलं रचते, मी गाजरं उपटतो आणि मधेच ती लिहिते, नवीन ऑफिसात खिडकीजवळची जागा मिळाली. किंवा — हल्ली झोप लागते. मी लिहितो, छान. बास, एवढंच. पण तो तास गेला तर माझ्याकडे तिचं काहीच उरत नाही. हे मी हिलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवतो.

मंगळवार, २० मार्च

पचका!

माझा तर्क असा — कोळसा बरोबर रविवारी अकरालाच येतो, म्हणजे त्याला माझं वेळापत्रक ठाऊक आहे. माझं वेळापत्रक ठाऊक कोणाला? सुपरवायझरला! तीन महिन्यांपूर्वी माझी बाहुली बघून तो चष्म्यावरून फिदीफिदी हसला होता. आज जेवणाच्या सुट्टीत चारचौघांत त्याला गाठला. "रविवारी अकरा वाजता कुठे असता तुम्ही?"

"सासूबाईंना डायलिसिसला नेतो. का हो?"

सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. "सहज," म्हटलं. "बऱ्या आहेत ना?"

शनिवार, २४ मार्च

हिला माझा बेत सांगितला. बेटावरच्या मनोऱ्याला मी लिफ्ट बसवली आहे. चार महिने खपून बांधली, दोनच मजले जाते, पण खेळातल्या कुठल्याही लिफ्टपेक्षा गुळगुळीत थांबते. कोळशाला तिच्यात घ्यायचा आणि मधेच अडकवायचा! आमिष म्हणून वर सोन्याच्या विटा ठेवणार.

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो विटांसाठी येतो का?"

"मग कशासाठी? माझ्यावर डूख धरून आहे तो."

"तुमच्यावर," ही म्हणाली. "मागच्या रविवारी तुम्ही नव्हतात. लेकही गेली नव्हती. आला होता का तो?"

मला काय माहीत! बंदी होती. हिला खेळातलं काही कळत नाही.

रविवार, २५ मार्च

चाचणी घेतली. लिफ्ट उत्तम अडकते. आत मी होतो.

वीस मिनिटं. लेकीने बाहेरून कळ ओढून सोडवलं. "हा हा हा हा" — चार वेळा! गेल्या वर्षभरात तीनच्या वर गेली नव्हती. मी अडकलोच असतो रोज.

मग कोळसा आला आणि तिचं लिहिणं थांबलं. सोन्याच्या विटांकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. मी लिहिलं, "हा नालायक आहे तरी कोण!" तिने लिहिलं, "जाऊ दे ना बाबा." आणि नेट गेलं. तिच्या शहरातलं नेट नेमकं पावणेबाराला जातं, ही पण एक गंमतच.

रविवार, १ एप्रिल

काय घडलं ते क्रमाने लिहितो. आमच्या धंद्यात अपघातानंतर अहवाल लिहितात, तसं.

सकाळी अकराला लेक आली. तिला बेत सांगितला — तू लिफ्टने वर जा, मागच्या शिडीने उतर, तो मागोमाग येईल. तिने विचारलं, "बाबा, नक्की हे करायचंय तुम्हाला?" मी लिहिलं, शंभर टक्के.

ती वर गेली. कोळसा मागोमाग. विटा नाहीत, गाजरं नाहीत, फक्त ती. हिचं बोलणं आठवलं, पण बोट कळीवर होतं. दाबली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली. मी खुर्चीत उड्या मारल्या!

आणि मग सवय आडवी आली. अडकलेल्या माणसाशी पहिल्या मिनिटात बोलायचं, अहो-जाहो करायचं, दम द्यायचा नाही — नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो होतो. माझ्या बोटांनी आपोआप लिहिलं, "घाबरू नका. मी बाहेर आहे. दाराला टेकू नका. आत किती जण आहात?" कोळशाला! ज्याने माझ्या पलंगावर गाय झोपवली त्याला!

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या डोक्यावर अक्षरं आली.

"बाबा, मी आहे."

मी कोण?

"तुमचा जावई. दार उघडा. मी फक्त तिला बघायला येतो. बघण्यात काय चूक आहे?"

माणूस अडकला की आधी बाहेर काढायचा. कोण आहे, का आत गेला, ते नंतर. एकोणतीस वर्षं हेच केलं. मी दार उघडलं.

"थँक्यू बाबा," त्याने लिहिलं आणि थेट खाली तिच्यापाशी गेला. मी बघत होतो. ती शिडीच्या पायथ्याशी उभी होती, तिने माझ्या बाहुलीकडे तोंड फिरवलं. नाहीशी झाली.

मग बेटाची वही उघडली. कोणाला कायमचा पास दिलाय याची यादी असते त्यात. दोन वर्षांत एकदाही उघडली नव्हती — मी, जो प्रत्येक इमारतीच्या वॉचमनला रजिस्टर वाचायला लावतो! पास क्रमांक एक, लेक. क्रमांक दोन, जावई. देणारा — मी. पहिल्याच दिवशी दिला होता. आम्ही कुठलीही लिफ्ट बसवली की सुटकेची एक चावी त्याच इमारतीतल्या माणसाकडे ठेवतो. लेक कुठे अडकली तर सोडवायला तिच्या घरातला माणूस नको का? ती ते घर सोडून गेली. चावी मी परत घेतली नाही.

दोन नंबर खोडला. लगेच खोडला जातो. एक सेकंद लागतो.

सोमवार, २ एप्रिल

गाई माझ्यासाठी नव्हत्याच. मी आत गाई हाकत बसावं म्हणून होत्या. भिंतही त्याचसाठी. आणि मी तासभर ओरडत होतो, माझ्यामागे कोण लागलंय म्हणून. मला वाटलं होतं, माझं काहीतरी नाव झालंय त्या खेळात!

आज यावर हसू येईना.

बुधवार, ४ एप्रिल

हिला सगळं सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. ओरडली नाही. म्हणाली, "तिला फोन करा." मी म्हटलं, तू कर. "नाही," ही म्हणाली. "या वेळी फोन माझ्याकडे द्यायचा नाही."

शुक्रवार, ६ एप्रिल

दोनदा नंबर काढला. दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा चुकून सुपरवायझरला लागला. म्हटलं, सासूबाई कशा आहेत?

रविवार, ८ एप्रिल

अकरा वाजता साधा फोन लावला. तिने उचलला. म्हटलं, माझं चुकलं, दीड वर्षापूर्वीसुद्धा. तो येतोय हे मला आधीच का नाही सांगितलंस?

म्हणाली, "तो सप्टेंबरपासून येतोय बाबा. आधी तुमच्या नजरेआड उभा राहायचा, फक्त मला दिसेल असं लिहायचा. पहिल्याच दिवशी लिहिलं, तुझ्या बाबांनीच पास दिलाय. मला वाटलं, तुम्हीच पाठवताय त्याला. गाईंवरून तुमचं ओरडणं वगैरे सगळं नाटक."

सप्टेंबरपासून. आणि तरी ती दर रविवारी येत होती.