सतराव्या ओळीतला कंस

४ मार्च, सोमवार
नवी नोकरी, नवं टेबल, आणि जागा थेट खिडकीजवळ. धाकटीने शब्द टाकला म्हणून मिळाली. ती याच कारखान्यात फोनवर बसते. थोरली धाकटीच्या वशिल्याने लागली, असं डबा खाताना ती सगळ्यांना ऐकवत होती. ऐकव बाई. आईबाबा गेल्यापासून आम्ही दोघीच, तिचं मी नाही ऐकून घ्यायचं तर कुणी? माझं काम कर्मचाऱ्यांची पत्रं टाइप करण्याचं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, कडक वाटल्या, पण चहा त्यांनीच मागवला. शिपाईमामांनी तो न विचारता जास्त साखरेचा आणला.

५ मार्च
कॉम्प्युटरवर पत्रांचा प्रोग्रॅम उघडला की चौकट येते: मॅक्रो सुरू होताना चूक, ओळ सतरा. खाली दोन बटणं, 'थांबवा' आणि 'तपासा'. मोठ्या बाई म्हणाल्या, 'थांबवा' दाबायचं आणि कामाला लागायचं, अकरा वर्षं सगळे तेच करतात. मॅक्रो म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेल्या सूचना. यंत्राने त्या मुकाट्याने पाळायच्या. अकरा वर्षं दुखणं अंगावर काढायचं, ही कुठली रीत? मी 'तपासा' दाबलं. सतराव्या ओळीत शेवटचा कंस नव्हता, बाकी काही नाही. कंस टाकला, सेव्ह केलं. धाकटी म्हणाली, नसती उठाठेव करतेस. असू दे.

६ मार्च
चूक गेली. प्रोग्रॅम उघडताच एक पत्र आपोआप टाइप झालेलं: शिपाईमामांना आजपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे. निवृत्त होत असतील बिचारे. छापून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलं.

७ मार्च
मामांचं स्टूल दिसेना. विचारलं, तर मोठ्या बाई म्हणाल्या, इथे शिपाई कधी नव्हताच, पाणी ज्याचं त्याने आणायचं. थट्टा वाटली. पण धाकटीही तेच म्हणाली, आणि तिला माझ्याशी खोटं बोलता येत नाही. दुपारपर्यंत मलाही मामांचा चेहरा आठवेना. सोमवारचं पान उघडलं तर माझ्याच अक्षरात मामा होते.
आजचं पत्र मोठ्या बाईंच्या नावाचं. छापलं नाही, पुसून टाकलं.

८ मार्च
पत्र पुसूनही काही उपयोग नाही. मोठ्या बाई कोण, हे वर वाचून कळलं. म्हणजे तो कंस कुणीतरी मुद्दाम काढला होता, आणि मी शहाणी तो लावून बसले. पाप माझं, निस्तरणारही मीच. कंस काढला. आपोआप परत आला. पुन्हा काढला, पुन्हा आला. बरं. गाठ माझ्याशी आहे.

११ मार्च
शिफ्टचं बटण दाबून प्रोग्रॅम उघडला. तसं केलं की मॅक्रो चालत नाही. तरी चालला. पत्र धाकटीच्या नावाचं. पुसलं, आलं. वायर उपटली, तरी पडदा चालूच—
फोनच्या खोलीत धावले. होती. हात घट्ट धरलाय तिचा. दुखतंय म्हणते, वेडी झालीस का म्हणते. उद्या सकाळपर्यंत सोडणार नाही. हे डाव्या हाताने लिहितेय.

१२ मार्च
मुठीत काही नाही. बोटं मात्र दुखतायत.
वर लिहिलंय, मला धाकटी बहीण आहे. मला आठवत नाही. पण अक्षर माझं आहे, आणि मी स्वतःच्या वहीत खोटं लिहीत नाही. आहे म्हणजे आहे.

दुपार
मॅक्रो नावं उचलतो ती यादी सापडली. तीन ओळी रिकाम्या. नावं परत भरली तर— तिघांनाही आणीन, आधी ती. पण मी मेली तिला नुसती धाकटीच म्हणत आले. वहीभर कुठेच नाव नाही.

'अ'पासून सुरू केलंय. सुचेल ते नाव टाकते, चालवते. चौकट येते: असं कुणी नव्हतं. म्हणे.

दोनशे झाली. 'क' चालू.

पत्र आलं. माझ्या नावाचं. येऊ दे. मी अजून दमले नाही. पुढचं नाव—