फक्त एकच थर्मास

३ जून, सकाळी ६
२३ तारखेला बस-लायसन्सची मेडिकल. मागच्या वेळी प्रेशर सोळा, म्हणजे एकशेसाठ. यंदा चौदाच्या वर गेलं की स्टिअरिंग सुटलं, मग बसा डेपोत बस धुवत. छे! मासिकात वाचलं, येर्बा मातेच्या चहाने चरबी झडते, कोलेस्टेरॉल उतरतं, डोकं तल्लख होतं. म्हणजे औषध जन्मभर हातातच होतं! डॉक्टरांच्या गोळ्या ड्रॉवरमध्ये.

४ जून
मिर्ता म्हणते, असं असतं तर अख्ख्या साल्तो शहरात एक पेशंट उरला नसता. बायकोला शास्त्र कळत नाही. भोपळ्याच्या पेल्यात येर्बा भरून देते मात्र झकास. ‘थँक्यू’, म्हणजे आमच्याकडे ‘आता पुरे’, असं म्हणेपर्यंत तिचा हात थांबत नाही, आणि चाळीस वर्षांत मी ते म्हटलेलं नाही. तरी तिच्या समाधानासाठी ठराव: दिवसाला गरम पाण्याचा फक्त एकच थर्मास.

६ जून
नवा थर्मास आणला. दोन लिटरचा. ठराव कायम.

९ जून
झोप नाही. गादी खराब.

११ जून
गादी उलटली. झोप नाही. शेजारचं कुत्रं.
पाय एका जागी ठरेनात. बसमध्ये एक म्हातारी ओरडली, अहो मिल्टन, स्टॉपवर थांबायची पद्धत आहे! तल्लख माणसाचा वेग लोकांना झेपत नाही.

१६ जून
छातीत धडधड. हृदय जोमात आहे. मिर्ता म्हणाली, गोळी घे रे बाबा, मला विधवा व्हायचं नाही. घेतली एक. येर्बाच्या घोटाबरोबर.

२३ जून, दुपार
डॉक्टर बेन्तांकुर बाई म्हणाल्या, हात द्या. डाव्या बगलेत थर्मास, उजव्या हातात भोपळा. कुठला देऊ? शेवटी मिर्ताने भोपळा धरला.
सतरा.
बाई म्हणाल्या, घाबरलात. पंधरा मिनिटं शांत बसा, परत मोजू. आता शांत बसायचं म्हणजे माणूस काय करणार? मिर्ता डोळे वटारत होती, तरी तिच्या हातून भोपळा घेऊन सात-आठ भरून प्यायलो.
साडेअठरा.
तीन महिने बस बंद. गोळ्या चालू, येर्बा बंद.

२३ जून, संध्याकाळ
मिर्ताने रोजच्यासारखा भोपळा भरून पुढे धरला. डोळे लाल. फार वाईट वाटलं मला. न पिता परत दिला आणि म्हणालो, थँक्यू. ती तोंडाला एप्रन लावून आत गेली.

ठराव: उद्यापासून एक थेंब नाही.

थर्मास मात्र अजून अर्धा भरलेला आहे. तारीख अजून तेवीसच आहे.