तातेची शिलाई

सोमवार, १० नोव्हेंबर

आले एकदाची जालन्याला! धावड्याहून भोकरदन, तिथून एसटी, मांडीवर पेटी आणि मन हवेत. कॉलेजचे प्रबंध बांधून बांधून विटलेल्या माझ्या हातांना शेवटी खरीखुरी पुस्तकं मिळाली. माझे नवे मालक गौतमशेठ राजस्थानी जैन. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे व्यापाऱ्यांच्या लाल वह्या बांधत. त्या कॉम्प्युटरनं गिळल्या. आता त्यांचा मुलगा श्रेणिक बेल्जियमला असतो. तिकडे चारशे वर्षांपूर्वीचं संगीत जुन्या वाद्यांवर वाजवणारी मंडळी आहेत, त्यांची स्वरलिपीची पुस्तकं इथे छापून, हातानं शिवून जातात. पाच रेघा आणि त्यांवर शेपटीवाले ठिपके. मी म्हटलं, ही तर बेडकाची पिल्लं. मंजूभाभी, म्हणजे शेठजींच्या मिसेस, हसून बेजार झाल्या. राहायला वरची खोली, जेवण त्यांच्याकडेच, सूर्य मावळायच्या आत. आईला फोनवर सांगितलं, काळजी करू नको, तृप्तीचं बस्तान बसलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

काम कळलं. वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे पुस्तक स्टँडवर सपाट उघडं राहिलं पाहिजे. म्हणून पाठ नुसती चिकटवायची नाही, फॉर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, एकेक करून शिवायचे. शेठजींनी घरचा नियमही सांगितला: "बाई, हितं सरस न्हाई, चामडं न्हाई, जनावराचं काहीच चालत न्हाई. बिलकुल न्हाई." खळ मैद्याची, पुठ्ठ्यावर कापड. बरं बाई.

आज श्रेणिकदादांकडून एका वादक बाईंची ऑर्डर आली. सोबत एक पुडी. बाईंचे गुरू वारले, त्यांच्या वाद्यावरची शेवटची तात त्यात आहे, मेंढीच्या आतड्याची. कव्हरच्या आत कप्पा करून ती ठेवायची. शेठजींनी पुडीला हातही लावला नाही. मलाच ओट्यावरच्या खिळ्याला टांगायला लावली, परत पाठवू म्हणाले. भाभी पुटपुटल्या की मेलेल्या जनावराची आणि मेलेल्या माणसाची चीज एकाच पुडीत, नको ग बाई. मला हसू आलं. आमच्याकडे बोकड पडला की आतडी धुवायला मीच असायचे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बाईंचं पुस्तक जाडजूड. लिननचा दोरा संपला, वह्यांचा सुती दोरा घेतला तर तो पुनःपुन्हा तुटला. पहिलंच मोठं काम आणि अडलं, तर माझी काय अब्रू राहणार? शेठजी आणि भाभी मंदिरात गेले होते. पुडी समोरच टांगलेली. तात उकलली. पिवळसर, गुळगुळीत, सुईत बराबर बसली. काय शिलाई झाली म्हणून सांगू! शेवटच्या टाक्याला सुई उजव्या अंगठ्यात घुसली, तातेला रक्त लागलं, ते पुसून टाकलं. पुडीत सुतळी कोंबली. शेठजींनी शिलाईचं कौतुक केलं, दोरा कुठला विचारलं. मेण लावलेला आहे म्हटलं. कोणाला कळतंय.

रविवार, १६ नोव्हेंबर

दुपारी लाइट गेली, मशीन थांबलं, आणि शिकंज्यात दाबलेल्या पुस्तकातून आवाज आला. माशी असेल म्हटलं. कान लावला. घुमत होता, खालच्या पट्टीत, कुणी तोंड मिटून गावं तसा. भाभींना बोलावलं. त्यांना काही ऐकू येईना. माझा अंगठा मात्र त्याच आवाजात थरथरत होता.

सोमवार, १७ नोव्हेंबर

गाठीपाशी तातेचं टोक बोटभर ठेवून कापलं होतं. आज ते वीतभर आहे.

अंगठ्याच्या टोचलेल्या जागेपासून मनगटापर्यंत कातडीखाली पिवळी रेघ आली आहे. दाबली. पलीकडे शिकंज्यात पुस्तक घुमलं.

मला भीती वाटते. इथे तरी खरं लिहू दे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

उसवायचंच ठरवलं. सुरीनं एक टाका कापला. मनगटाची कातडी उकलली, बरोबर टाक्याएवढी. सुरी माझ्यापर्यंत आलीच नव्हती! घाईघाईनं टाक्याला गाठ मारून जोडला, तेव्हा रक्त थांबलं. दुसरा टाका कापायची छाती नाही. हा हात गेला तर मी काय करू? या हाताशिवाय मला दुसरं काय येतं?

शेठजींना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, म्हणून मी जास्तच घाबरले. "पोरी, आधी हाताचं बघू. मंग पुस्तकाचं."

बुधवार, १९ नोव्हेंबर

शेठजी स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले नस सुजली आहे, गोळ्या घ्या. परत आलो तर शिकंजा रिकामा. भाभींना आम्ही काही सांगितलंच नव्हतं. जल्दीची ऑर्डर म्हणून त्यांनी बिचाऱ्यांनी पुस्तक पॅक करून कुरिअरवाल्याला दिलं होतं. शेठजी धावत गेले. गाडी निघून गेली होती.

गुरुवार, २० नोव्हेंबर

हात आपोआप मुंबईच्या बाजूला वळतो, पार्सल तिकडूनच विमानानं जाणार. बांधून ठेवला तरी वळतो. आत काहीतरी ताणलं जातंय.

श्रेणिकदादांना शेठजींनी सांगितलं. पार्सल थेट बाईंकडे जातं. दादा हसले, पण बाईंना निरोप देतो म्हणाले. दिला असेल ना?

शनिवार, २२ नोव्हेंबर

रेघ खांद्यापर्यंत. पुस्तक विमानात चढलं असावं — पहाटे एकदम हिसका बसला, पलंगावरून खाली पडले. भाभी उशाशी बसून णमोकार मंत्र म्हणत आहेत. त्या थांबल्या की माझ्या छातीतून ते घुमणं — त्यांनाही ऐकू येतंय आता.

सोमवार, २४ नोव्हेंबर

डाव्या हातानं लिहितेय. पोचलं.

श्रेणिकदादांनी बाईंचा मेसेज पाठवला. पुस्तक सपाट उघडतं, शिलाई अप्रतिम, बांधणाऱ्या मुलीला सांगा. फक्त पाठीतून एक टोक लोंबतंय. तालमीआधी ओढून काढते —

दादांनी निरोप दिलाच नव्हता. विसरले म्हणे.

शेठजी बाईंना फोन लावून राह्यलेत, लावूनच राह्यलेत. बंद. तालमीत बंद ठेवतात. तिला म्हणा हात लावू नको. कुणीतरी म्हणा. रेघ गळ्यापाशी —

ताण नाही. एकदम ढिलं झालं. आई, सुटले बहुतेक, सुट —

नाही. तिनं टोक चिमटीत धर