चुलीचा धूर

मंगळवार, संध्याकाळ. धारूर.

रेडिओ दुर्बिणीतून दिसणाऱ्या दीर्घिकांच्या आकारांना रोजच्या बोलण्यातली नावं द्यायचं एका ऑनलाइन विज्ञान प्रकल्पाचं काम मी घरी बसून करतेय. एकीला मी 'वाकडी शेपटी' लिहिलं होतं. टँकरवरून आणलेला हंडा ठेवून आई स्क्रीनपुढं टेकली. म्हणाली, "ह्यो तर चुलीचा धूर हाय. वारं हिकडून हाय बघ."

वारं. दीर्घिका वायूतून धावते म्हणून शेपटी मागं वळते, हे मी पुस्तकातून शिकले. आईनं सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीत, धूर पाचटाच्या कोपीत, म्हणजे राहायच्या खोपटात, शिरू नये म्हणून, दर हंगामाला वारं बघूनच चूल मांडली.

'चुलीचा धूर' हेच नाव पाठवलं. 'नाव कुणी सुचवलं' या रकान्यात मात्र माझं नाव टाकलं. आई शेजारीच बसली होती. काहून टाकलं मी?