सकाळची मिश्री

आये, आज सकाळी पुन्हा तेच झालं, आणि सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही. सुनेला सांगितलं तर ती रागावणार नाही, नुसती गप्प होईल. तिचं गप्प होणं मला हल्ली सोसत नाही.

आपली लालबागची खोली अजून डोळ्यांसमोर आहे. बाबा पहिल्या पाळीला गेले की तू स्टोव्हवर तवा ठेवायचीस आणि तंबाखूचं पान काळं होईपर्यंत भाजायचीस. वास सुटला की शेजारच्या खोल्यांतून खोकल्याची उत्तरं यायची. मग ते कुसकरून डबीत. आणि सकाळी तू गॅलरीत उकिडवी बसतेस, बोट मिश्रीत बुडवतेस, दातांवरून सावकाश फिरवतेस. तेवढा वेळ तुला बोलता येत नाही. एरवी धुणं, पाणी, खानावळीचे डबे, यांत माझं ऐकायला तुला सवड कुठली? पण मिश्री तोंडात असेपर्यंत तू माझी होतीस. मी शाळेतली कविता चालीवर म्हणायचो, पावसाची, पाखरांची, कसली कसली, आणि तू मान डोलवायचीस. मी अडखळलो की हनुवटी वर उचलून, ओघळ सांभाळत विचारायचीस, "इसारलंस? फुडे म्हण." आणि मी पुढे म्हणायचो. पाठ नसलेली कविताही मला त्या गॅलरीत आठवायची.

एकदा माझी दाढ ठणकत होती. तू तुझ्याच बोटाने चिमूटभर मिश्री तिथे दाबलीस. गॅलरीचा कठडा माझ्याभोवती गरगरला, मी ओकलो. तू पदराने माझं तोंड पुसलंस आणि हसून विचारलंस, "आता दुखता काय रे?" नव्हतं दुखत. याचा राग नाही हं आये. आपल्या मजल्यावर कुठल्या आईने पोराच्या दाढेला मिश्री लावली नव्हती? दाढ पुढे पडून गेली. मिश्री राहिली.

तुझ्या गालात शेवटी शेवटी जे झालं, त्याला आम्ही कितीतरी दिवस तोंड आलंय, तोंड आलंय म्हणत राहिलो. भात पातळ करून देत राहिलो. आता माझ्या डाव्या गालात पांढरा डाग आहे. परळच्या इस्पितळातली डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. बॅटरीने आत पाहून म्हणाली, "आजोबा, हा डाग अजून आपलं ऐकेल. मिश्री चालू ठेवलीत, तर मग आपल्याला त्याचं ऐकावं लागेल." मला तिचं बोलणं आवडलं. भीती घरी आल्यावर वाटली.

एकदम जमणार नाही, हे तिनेच ओळखलं. आधी दुपारची सोडा, मग जेवणानंतरची, सकाळची सगळ्यात शेवटी. आणि खरं सांगतो, दुपारची सुटली. सुनेने माझ्या डबीत भाजलेली बडीशेप भरून ठेवली, ती चघळत मी खाली कंपाउंडमध्ये फेऱ्या मारायला लागलो. जेवणानंतरचीही सुटली, रडतखडत. सुनेने मऊ ब्रश आणला, या वयात मला दात घासायला शिकवलं. "हळू बाबा, टोप नाही घासायचाय." मी हसलो तर फेस शर्टावर. ती ऑफिसात मैत्रिणींना सांगते म्हणे, आमचे सासरे सुधारले.

राहिली सकाळची. डॉक्टरीण म्हणाली होती, तलफ आली की थोडा वेळ तोंड दुसऱ्या कशात तरी गुंतवा, देवाचं नाव घ्या, गाणं म्हणा. मी विचारलं, "कविता चालेल?" ती म्हणाली, "कविता तर उत्तम." इतका आनंद झाला म्हणून सांगू! आयुष्यभर ज्यांचा कुणाला उपयोग नव्हता, त्या माझ्या शाळेतल्या कविता औषध म्हणून कामाला येणार होत्या. दुसऱ्याच दिवशी खिडकीशी उभा राहून मी पावसाची कविता धरली. दुसऱ्या कडव्यापर्यंत गेलो असेन नसेन, तोंडाला पाणी सुटलं. जीभ आपणहून हिरडीकडे वळली. भाजलेल्या पानाचा वास आला, आये, खरोखर आला, या नव्या घरात, जिथे स्टोव्ह नाही की गॅलरी नाही. कविता बदलून पाहिली. तेच. एकही कविता अशी निघेना जी मी तुझ्या मिश्रीसमोर म्हटली नव्हती. मिश्री सोडायची तर कविताही तोंडात आणायची नाही, असं होऊन बसलं. आणि कविता नाही तर सकाळी उठून तुझ्याशी बोलायचं कशाने?

हे त्या पोरीला कसं सांगू? तिच्या औषधांत यावर काही नसणार. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा बॅटरी लावून बघेल. सून सोबत येणार आहे, रजा टाकून.

हे पत्र कुठे टाकणार? उशीखाली राहील, मग रद्दीत जाईल. पण तुझ्यापासून लपवत नाही. आज सकाळी खिडकीशी उभा राहून मोठ्याने सांगायचं ठरवलं होतं तुला हे सगळं, कवितेसारखं. कागद घ्यावा लागला, कारण तोंडात मिश्री आहे, आये, आणि मिश्री तोंडात असताना बोलता येत नाही.